भट्टी पेटण्याआधीचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नागपूरहून जबलपूरकडे निघालं, की पुढे नर्मदेवरच्या बरगी धरणाचा मोठा जलाशय आहे. त्याच्या काठी, मंडला जिल्ह्यातल्या चुटका गावी, 700 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या नियोजित आहेत. प्रकल्प हवा की नको, हा वाद आज बाजूला ठेवू. मला बोलायचं आहे ते भट्टी पेटण्याआधीच करता येणाऱ्या एका कामाबद्दल. एकदा वेळ गेली की ते कोणालाच करता येणार नाही. ते म्हणजे त्या पाण्यातला आजचा किरणोत्सार मोजून ठेवणं.

भट्टीच नाही, मग किरणोत्सार कुठून आला? खडकातून. नागपूरचंच बघा ना. पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला भंडाऱ्याच्या वाटेवर जुने नाइस आणि ग्रॅनाइट. ग्रॅनाइटात युरेनियम जास्त असतं, त्यामुळे दोन्हीकडच्या विहिरींचे आकडे सारखे येतील असं धरून चालत नाही. शिवाय गेल्या शतकात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांचं सीझियम-137 जगभर मातीत पडलंय. दर 30 वर्षांनी ते निम्मं होतं, म्हणजे अजून सरलेलं नाही. उद्या बरगीच्या गाळात सीझियम सापडलं, तर ते जुन्या चाचण्यांचं की नव्या भट्टीचं? आधीचा आकडाच नसेल तर दोन्ही बाजू नुसत्या भांडत बसतील.

नमुना घेणं हे फार जपून करायचं काम आहे. युरेनियमसाठीच्या कॅनमध्ये थोडं नायट्रिक आम्ल घालतात. नाही घातलं तर युरेनियम कॅनच्या आतल्या बाजूला चिकटतं आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ ठरतं. रेडॉन या किरणोत्सारी वायूसाठीची बाटली पाण्यात बुडवून काठोकाठ भरायची, झाकणही पाण्याखालीच लावायचं. एक बुडबुडा राहिला तरी वायू त्यात निसटतो. ट्रिटियमच्या बाटलीत मात्र आम्ल घालत नाहीत. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचंच सगळ्यांत जड, किरणोत्सारी रूप, ते पाण्याच्या रेणूतच जाऊन बसतो, गाळून काही निघत नाही. चुटक्याच्या भट्ट्या जड पाण्यावर चालणाऱ्या, आणि भट्टीतल्या जड पाण्यात ट्रिटियम तयार होतं, म्हणून माझ्या मते तिथं सगळ्यांत आधी ट्रिटियमचा आकडा हवा.

नुसत्या पाण्यावर भागत नाही. सीझियम गाळाला धरून राहतं, स्ट्रॉन्शियम-90 माशाच्या काट्यात कॅल्शियमची जागा घेतं. म्हणून मासा तपासताना मांस वेगळं, काटा वेगळा. आणि हे सगळं उन्हाळ्यातल्या उतरलेल्या पाण्यातही करायचं, पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातही.

आपल्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा हे काम करतात. यंत्रणा आहे, माणसं जाणकार आहेत. पण चुटक्याची माणसं बरगी धरणानं एकदा उठवलेली आहेत. मुंबईहून आलेल्या कागदावर त्यांनी डोळे मिटून विश्वास का ठेवावा? नमुना घ्यायला निघालेल्या होडीत गावातला एखादा मासेमार बसलेला असावा. बाटली त्याच्या डोळ्यांसमोर भरली जावी, आणि चिठ्ठीवर तारखेशेजारी त्याचीही सही असावी.