पोढी, कारवी, ओहोटी: मुंबईतली वर्षभराची पायपीट

(दृश्य: जुलै. कातळाच्या पायऱ्यांवरून उतरणारं पाणी.)

बोरिवलीला पूर्वेकडे उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत राष्ट्रीय उद्यानाचं गेट. तिथून कान्हेरीची लेणी आत साधारण सहा किलोमीटर. 2024 च्या जुलैमध्ये आम्ही ही वाट भिजत चाललो, आणि पुढचं वर्षभर मुंबईतच भटकायचं असं त्याच दिवशी ठरलं.

कान्हेरी पावसाळ्यातच बघावी, आणि बघावी ती पाण्यासाठी. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत. लोक तिसऱ्या लेण्यातला चैत्य आणि बुद्धाच्या उंच मूर्ती बघतात आणि परत फिरतात. आम्ही एका धारेचा माग काढत चाललो.

(दृश्य: कॅमेरा जमिनीलगत. कातळातली पन्हळ.)

माथ्यावर पडलेला पाऊस या कोरलेल्या पन्हळीत येतो. पन्हळ उताराला धरून वळते, एका विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, अंगणात येते आणि तिथे जमिनीतल्या चौकोनी तोंडातून आत उतरते. तोंड लहान, आतली टाकी मोठी. ऊन आत पोचत नाही, त्यामुळे पाणी उन्हाळ्यातही टिकतं. टाकी भरली की उरलेलं पाणी खालच्या लेण्याकडे जातं. बहुतेक विहारांना अशी आपली आपली टाकी आहे. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत तिला 'पोढी' म्हटलंय. कोणी लेणं दान दिलं, कोणी पोढी. देणाऱ्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. ही गावं आज आपल्या लोकलच्या मार्गावर आहेत. पाणी साठवून देणं हे लेणं कोरून देण्याइतकंच पुण्याचं मानलं जायचं, हे या दगडावर वाचताना मी बराच वेळ तिथून हललो नाही.

(दहा सेकंद निवेदन नाही. पोढीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज.)

नव्वदाव्या लेण्यात जुन्या इराणच्या पहलवी लिपीतले लेख आहेत. 1009 आणि 1021 साली इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची नावं त्यांत आहेत. म्हणजे ही जागा पाहायला लोक हजार वर्षांपूर्वीही डोंगर चढून येत होते.

याच डोंगरांत दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या चारही नद्या उगम पावतात. खाली त्यांच्या काठांचं काय झालं, ते 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

(दृश्य: सप्टेंबर. जांभळा उतार.)

ही कारवी.

सात वर्षं हे झुडूप नुसतं वाढतं. पान हातावर घासून पाहा, खरखरीत लागतं. आठव्या वर्षी अख्खा डोंगर एकदम फुलतो. उद्यानात याआधीचा बहर 2016 चा, नंतरचा हा 2024 चा. आम्ही सकाळी सातला पोचलो तेव्हा फुलांवर दव होतं आणि मधमाश्यांचा आवाज वाटेपर्यंत येत होता. जवळून पाहिलं तर प्रत्येक फूल घंटेसारखं, आणि आतल्या परागांत माखून माशी उलट्या पावली बाहेर येते. कारवीचा मध गडद आणि दाट असतो.

पाड्यांवर कारवीचा उपयोग वेगळा. वाळलेल्या काठ्या शेजारी-शेजारी बांधायच्या, वरून शेण-मातीने लिंपायचं, की कुडाची भिंत तयार. इथे एका घराचा कोपरा पावसाने धुतला गेलाय आणि आतल्या काठ्या उघड्या पडल्यात. घरातल्या आजींनी त्यावर हात फिरवून दाखवला.

(आजींचा हात. निवेदन नाही.)

या वाटेवर ओल्या मातीत उमटलेला हा ठसा बिबट्याचा आहे. आम्ही तिथूनच मागे वळलो.

(दृश्य: जानेवारी. खडकाळ किनारा, संध्याकाळ.)

थंडीत समुद्राकडे जायचं ते ओहोटी बघून. त्यासाठी कोळी लोकांचं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट, सव्वाअकरा. थोडं इकडे-तिकडे होतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. आम्ही अमावास्येला गेलो. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी वर येते, तितकंच पाणी मागेही हटतं.

खडकावर पाय जपून ठेवा, कालवांची धार लागते. या खळग्यात बघा, तळहाताएवढं पाणी आहे. हे समुद्रफूल, दिसायला फूल पण आहे प्राणी. स्पर्श झाला की मिटतं. आणि हा शंख चालतोय, कारण आत खेकडा आहे. त्याला मोठं घर हवं असलं की तो दुसरा रिकामा शंख शोधतो. म्हणून शंख घरी नेऊ नका.

वरळी-हाजी अलीची प्रवाळं 2020 मध्ये सागरी रस्त्याच्या कामासाठी उचलून कुलाब्याकडे नेऊन बसवली गेली.

(दृश्य: शिवडी. चिखल, गुलाबी रांग, मागे अटल सेतू.)

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, डोकं उलटं करून खातात. चोच चिखलात, जीभ पंपासारखी चालू, पाणी बाहेर आणि शेवाळ आत. त्या शेवाळातूनच त्यांच्या पिसांना रंग येतो. भरतीचं पाणी चढायला लागलं की ते पाऊल-पाऊल किनाऱ्याकडे सरकतात, तीच बघायची वेळ. ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. 2024 च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून 35 हून अधिक रोहित मेले.

(थवा उठतो. पूर्ण चालू द्यावं.)

मार्चमध्ये काटेसावर आणि पळस. एप्रिल-मे म्हणजे करवंदं आणि जांभळं. पाड्यावरच्या बाया ती पानांच्या द्रोणांत भरून बाजारात घेऊन बसतात. दोन द्रोण घेतले, बाकीचा दिवस उन्हाने खाल्ला.

(दृश्य: मे अखेर. तोच उतार, आता करडा.)

मुंबईत पाऊस एरवी 11 जूनच्या आसपास येतो. 2025 ला तो 26 मेलाच आला, 1950 पासूनच्या नोंदींत तोवर इतका लवकर कधीच आला नव्हता. आमची घाई झाली. बहर संपला की कारवी वाळते, पण बोंडं काठीवरच राहतात, बी आत धरून. ओल लागली की ती फुटतात. आम्ही माइक झुडपापाशी ठेवला आणि थोडे मागे सरून उभे राहिलो.

(पावसाचे थेंब. मग तट्. पुन्हा तट्. उतारभर.)

यांची फुलं 2032 ला.