द्वारदर्शनाला जाल तेव्हा कागदांचंही विचारा

(जळगाव जिल्ह्यातल्या महिला बचत गटांच्या एका मेळाव्यातलं व्याख्यान, थोडं संपादित करून. वक्त्या महसूल खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. तहसील कार्यालयात त्या बरीच वर्षं संजय गांधी योजनेच्या टेबलावर होत्या.)

सगळ्या ताई, माय, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले दादा,

आपल्याकडे मयत झालं की गाव धावून येतं. लाकडं कोण आणतं, तिरडी कोण बांधतं, पाहुण्यांच्या चहाचं दूध कुठून येतं, हे घरच्यांना कळतही नाही. मग दहावा, गंधमुक्ती, उत्तरकार्य, आणि रोज द्वारदर्शनाला, म्हणजे सांत्वनाला, येणारी माणसं. ही आपली रीत चांगली आहे, ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. पण ज्या बाईचा नवरा गेला ती या सगळ्या दिवसांत कोपऱ्यात बसलेली असते. तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नसतं. आणि सरकारी मुदती नेमक्या त्याच दिवसांत धावत असतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत. शेतकरी अपघाताचा अर्ज ३० दिवसांत. बँकेतल्या विम्याचा दावाही जमेल तर महिन्याच्या आत. सव्वा महिन्याने ती घराबाहेर पडते तेव्हा यातल्या बऱ्याच तारखा उलटून गेलेल्या असतात.

म्हणून आज मी विधवा बहिणींशी कमी आणि बाकीच्यांशी जास्त बोलणार आहे. पहिल्या महिन्याची धावपळ दिराने, भावाने, बचत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईने, ग्रामपंचायत सदस्याने करायची. हक्क तिचा, सही तिची, पैसा तिच्या खात्यात, पायपीट आपली.

मृत्यूच्या नोंदीपासून सुरू करते. १९६९च्या कायद्याने नोंद तिथेच होते जिथे मृत्यू झाला. आपल्या नंदुरबार-धुळ्याकडची, अमळनेर-पारोळ्याकडची किती माणसं कामाला सुरतेला जातात! तिकडे दवाखान्यात माणूस गेला आणि देह गावी आणला, तर दाखला सुरतेच्या महापालिकेचाच मिळणार. गावचा ग्रामसेवक तो देऊ शकत नाही, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. देह आणायच्या गडबडीत दवाखान्याचा कागद मात्र सोडू नका. आणि नोंद करताना आधार कार्ड समोर ठेवून नाव लिहा. आधारला ‘ज्ञानेश्वर’ आणि दाखल्यावर ‘नाना’, कारण गाव त्याला नानाच म्हणायचं. त्या एका नावापायी पुढचा प्रत्येक अर्ज अडतो. २१ दिवस उलटले तर विलंब शुल्क लागतं, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

आता अपघाताचं बोलते, आणि इथे जरा जास्त वेळ घेणार आहे. रात्री लाइट आली म्हणून पाणी भरायला गेलेला माणूस, केळीच्या बागेत पायाखाली साप. विहिरीवर मोटर चालू करताना शॉक. ट्रॅक्टर उलटला. रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत असं गाव दाखवा जिथे हे घडलेलं नाही. अशा मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, २ लाख रुपयांची. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो शेतकरी तर यात येतोच, शिवाय ज्याच्या नावावर जमीन नाही असा घरातला एक जणही येतो. वय १० ते ७५. वारसांमध्ये पहिला क्रम पत्नीचा किंवा पतीचा. हे ‘पतीचा’ दादांनी नीट ऐका. कापूस वेचताना बाईला साप चावला आणि ती गेली, तर नवऱ्यालाही ही मदत मिळते. बाईच्या मरणाचा अर्ज करायचा असतो हे आपल्याकडे कोणाच्या मनातच येत नाही. शेतात ती त्याच्याइतकीच राबत होती, तिचाही अर्ज झाला पाहिजे.

पण हे २ लाख बुडतात कुठे, तर मरणाच्या त्याच रात्री. साप चावला की आधी भगताकडे नेतात. माणूस तिथेच दगावतो. मग म्हातारे म्हणतात, ‘आता कशाला चिरफाड? गेला तो गेला.’ सकाळी अग्नी देऊन मोकळे. ना पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, ना पंचनामा, ना पोस्टमार्टेम. महिन्याने ती बाई कृषी कार्यालयात उभी राहते आणि साप चावला होता हे सांगायला तिच्याकडे फक्त शेजाऱ्यांचं तोंड असतं. पोस्टमार्टेम म्हणजे देहाची विटंबना, ही समजूत मनातून काढा. त्या अहवालावर पोरांची पुढची वर्षं उभी राहतात. आणि साप चावल्यावर आधी सरकारी दवाखाना. लस तिथेच असते, आणि माणूस वाचला तर हे काहीच करावं लागत नाही.

वीज पडून किंवा पुरात वाहून मृत्यू झाला तर नैसर्गिक आपत्तीची ४ लाखांची मदत तहसीलमार्फत मिळते. बिबट्याने मारलं तर वनखात्याला लगेच कळवायचं. जो रस्ता लागू आहे तो धरा.

आत्महत्येचं बोलताना सगळे आवाज खाली आणतात. मी नाही आणणार. आपल्या कापूसपट्ट्यात ही घरं आहेत आणि तिथल्या बाईकडे गाव असं बघतं जणू तिनेच काही केलं. मुंडे योजनेत आत्महत्या बसत नाही. तिच्यासाठी वेगळी मदत आहे, १ लाख रुपये: ३० हजार हातात आणि ७० हजार तिच्या नावे ठेव म्हणून. २००६ साली ठरलेला आकडा! वीस वर्षांत खताची गोणी कुठल्या कुठे गेली, हा लाख तिथेच आहे. हे पैसे वाढायला हवेत, आणि ही मागणी आपण बायकांनी ग्रामसभेत ठराव करून पाठवली पाहिजे. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं आणि तिथे नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे बघतात. सोसायटीचा कर्जाचा उतारा, बँकेच्या नोटिसा लगेच गोळा करा. तलाठी चौकशीला येईल तेव्हा त्या बाईजवळ कोणीतरी बसा. ‘माले काय समजस’ म्हणून ती गप्प राहते आणि तिच्या वतीने सासरा काहीतरी भलतंच सांगून जातो. असे जबाब मी पुष्कळ वाचले आहेत.

बँकेचं पासबुक. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण यात साध्या आजाराने गेलेला माणूसही येतो. पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख. पहिल्यांदाच विमा घेतला असेल तर पहिले ३० दिवस फक्त अपघात धरतात, एवढंच. २० रुपये कापलेले दिसले तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. कर्ज घेताना, जनधन खातं उघडताना साहेबाने ‘इथे सही करा’ म्हटलं आणि माणसाने केली. घरी कोणाला माहीतही नाही. विम्याचा कागद घरी शोधत बसू नका, तो पासबुकातच असतो. आणि एक काम करू नका: माणूस गेल्यावर त्याच्या एटीएममधून पैसे काढू नका. आधी बँकेत मृत्यूचा दाखला द्या, वारसदार (नॉमिनी) म्हणून कोणाचं नाव लावलंय ते विचारा, आणि दाव्याचा फॉर्म मागून घ्या. नवरा कंपनीत होता आणि पगारातून पीएफ कापला जात होता, तर तिथे पेन्शनही आहे आणि ७ लाखांपर्यंतचा विमाही. बांधकामावर होता आणि बांधकाम कामगार मंडळात नोंदणी चालू होती, तर त्या मंडळाची मदत वेगळी.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात. अर्ज तहसीलला, संजय गांधीच्या टेबलावर.

आणि आता माझं जुनं टेबल, संजय गांधी योजनेतलं विधवेचं अनुदान. महिन्याला १५०० रुपये. यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती असावं? २१ हजार. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत! कापूस वेचायला, केळीचे घड वाहायला जाणारी कुठली बाई या आकड्यात बसते? दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर ठीक, नाहीतर ती दाखल्यासाठी हेलपाटे घालते. दुसऱ्या बाजूला लाडक्या बहिणीला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न चालतं आणि मिळतात तेही १५००च. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. याचा अर्थ लक्षात घ्या: ज्या बाईला आधीच लाडकी बहीणचे पैसे येत होते, तिचा नवरा गेल्यानंतर या दोन योजनांमधून तिच्या खात्यात एक रुपयाही वाढत नाही. घरातली एक कमाई बंद झाली, हे या हिशेबात कुठेच धरलेलं नाही. मी ही फाइल वर्षानुवर्षं हाताळली, म्हणून हे ठामपणे सांगते: विधवेच्या अनुदानाची उत्पन्नमर्यादा बदललीच पाहिजे.

मग तिला वाढीव काय मिळू शकतं? मुलांचं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा बाप गेलेल्या १८ वर्षांच्या आतल्या मुलासाठी महिन्याला २२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, घरी येऊन चौकशी होते, बाल कल्याण समिती आदेश देते. पैसे वेळेवर येत नाहीत, ही तक्रार खरी आहे. तरी अर्ज कराच. अंगणवाडी ताई, शाळेतले गुरुजी, तुमच्या वर्गात कोणाचा बाप नाही हे तुम्हाला पहिल्यांदा कळतं. त्या मुलाच्या आईला हे नाव एका चिठ्ठीवर लिहून द्या.

जमिनीचं मला टाळता येणार नाही. सातबाऱ्याला वारस लागल्याशिवाय पीएम किसान नाही, पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. नवऱ्याच्या नावावरच्या हिश्शाला बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळे सारखे वारस. हे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात आहे. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं नाव लागतं. तलाठ्याकडे दिलेल्या अर्जात कोणाचं नाव सुटलं का, हे स्वतः वाचा. आणि उत्तरकार्याच्या दिवशी, पाहुणे जेवून उठल्यावर, ‘वहिनी, या कागदावर सही करून द्या, आपलं घर एकच आहे’ असं कोणी म्हटलं तर तो बहुतेक हक्कसोडीचा कागद असतो. ताई, सही करायची नाही. रागवायचं नाही, भांडायचं नाही, ‘माझा भाऊ आल्यावर बघू’ म्हणायचं आणि उठायचं. लहान मुलाचा हिस्सा तर आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पुढे तिने दुसरं लग्न केलं तरी एकदा वारशाने मिळालेला हिस्सा तिचाच राहतो. गावात उलटं सांगतात, त्या भीतीने कितीतरी तरुण पोरी जन्मभर तशाच बसतात.

शेवटचं नावाचं. आधारला माहेरचं नाव, रेशनकार्डात सासरचं, बँकेत तिसरंच. आदिवासी पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, लग्नाचा दाखलाच नसतो. हे नवरा जिवंत असतानाच दुरुस्त करा. आज इथे बसलेल्या प्रत्येकीने घरी जाऊन तीन गोष्टी बघायच्या: माझं स्वतःचं खातं आहे का, त्याला आधार जोडलंय का, आणि नवऱ्याच्या खात्यावर वारसदार (नॉमिनी) म्हणून माझं नाव आहे का. यात अशुभ काही नाही. मेळाव्याला बँकेचे सखी प्रतिनिधी आलेले आहेत, त्यांचं टेबल दरवाज्याजवळ आहे. ज्यांनी पासबुक सोबत आणलंय त्यांनी आधी तिकडे जा. ज्यांच्या घरी या वर्षभरात मयत झालीय त्यांनी माझ्याकडे या, आपण एकेकीचे कागद उघडून बसू.