पाच पळ्यांचं चीज आणि एक पुतळा

नमस्कार श्रोतेहो. लिंबू पिळून पनीर तुम्ही घरी करताच, तेव्हा दूध कसं नासवायचं ते सांगत बसत नाही. आजचं चीज आहे फ्रान्सच्या नॉर्मंडीतलं, शेतावर हातानं केलेलं कामाँबेर. यात दूध नासवत नाहीत, थिजवतात. कच्चं दूध, ३२ ते ३७ अंश, त्यात विरजण आणि रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातलं दूध थिजवणारं द्रव्य. तासा-दीड तासात खरवसासारखी वडी धरते.

आता खरी गोष्ट पळीची. एका चीजला दोन लिटरच्या वर दूध लागतं, पण साचा एकदम भरायचा नाही. निदान पाच पळ्या, आणि दोन पळ्यांमध्ये निदान ४० मिनिटं. पुन्हा सांगतो: पाच पळ्या, मध्ये ४० मिनिटं. प्रत्येक थर स्वतःच्या वजनानं निथळतो, वर वजन ठेवायचं नाही. घाई केली की निवळी आत अडकते, साल सुटून घसरते, नाहीतर वर करडी केसाळ बुरशी उगवते. मग उलटायचं, कोरडं मीठ लावायचं, पांढऱ्या बुरशीखाली तीन आठवडे मुरवायचं. झालं.

आता जे सांगायला मी आलोय ते. १९२६ साली न्यूयॉर्कचे एक डॉक्टर, जोसेफ क्निरिम, थेट नॉर्मंडीतल्या व्हिमुतिए गावात येऊन उभे. म्हणाले, पोटाच्या जुन्या दुखण्यात मला या चीजनं तारलं, ते करणाऱ्या मारी आरेलला फुलं वाहायची आहेत. ही मारी म्हणजे दंतकथेतली शेतकरीण. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९१ च्या धामधुमीत आसऱ्याला आलेल्या पाद्र्यानं तिला कृती शिकवली म्हणे. (त्या भागात चीज त्याआधीही होतंच, पण दंतकथेला ते कोण विचारतो!) डॉक्टरांनी स्मारकासाठी पैसे काढून दिले, गावाला हुरूप आला, आणि १९२८ साली माजी राष्ट्राध्यक्ष मिलरां यांच्या हस्ते पुतळा उभा राहिला. आपल्याकडे चौकाचौकांत पुतळे आहेत, घोड्यावरचे, हात उंचावलेले. दूधदुभतं करणाऱ्या बाईचा एखादा आठवतो का बघा. असो.

पुढे जून १९४४. मित्रराष्ट्रांच्या बॉम्बफेकीत गाव उद्ध्वस्त झालं आणि मारीचं मुंडकं उडालं. नवा पुतळा दिला कुणी? अमेरिकेतल्या ओहायोमधल्या व्हॅन वर्टच्या चीज कारखान्यातल्या ४०० कामगारांनी! १९५३ साली तो बसला. हातानं केलेल्या कामाँबेरच्या माहेरी कारखान्यातून आलेला पुतळा! मला तरी गंमत वाटते.

वेळ संपत आली. कामाँबेर घेतलंत तर कापून मध्ये बघा. खडूसारखी पांढरी रेघ असेल तर कच्चं आहे, अजून आठवडाभर ठेवा. अमोनियाचा भपकारा आला तर उशीर झाला. आणि खाण्याआधी तासभर फ्रिजबाहेर काढा. तासभर. नमस्कार.