बेटाला दार एकच

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही आपल्या किनाऱ्यावरचे, आणि तिन्ही बेटांवरचे. बातमी ऐकून ऊर भरून आला, पण पाठोपाठ डोळ्यांसमोर आली ती नाताळच्या सुट्टीतली मालवणची जेटी. होडीच्या तिकिटाची लांबलचक रांग, कंटाळलेली पोरं, आणि समोर कुरटे बेटावरचा जेमतेम 48 एकरांचा सिंधुदुर्ग किल्ला. जागतिक वारसा झाल्यावर ती रांग काही आखूड होणार नाही.

म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. बेटावर एका दिवशी किती माणसांनी जावं, आणि हे ठरवायचं कोणी?

फिलिपिन्समध्ये बोराकाय नावाचं बेट आहे. सगळं मिळून दहाएक चौरस किलोमीटर. पांढरी वाळू, चार किलोमीटरांची पुळण, काठाला माड. वर्णन ऐकून आपली तारकर्लीच वाटावी. 2017 साली तिथे वीस लाखांच्या आसपास पर्यटक आले. हॉटेलं सरकत सरकत पुळणीवर आली, आणि कित्येकांचं सांडपाणी पावसाच्या गटारांतून सरळ समुद्रात जाऊ लागलं. काठाच्या पाण्यावर हिरवं शेवाळ साचलं. शेवटी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी त्या बेटाला चारचौघांत मैल्याचा खड्डा म्हटलं आणि 26 एप्रिल 2018 पासून सहा महिने बेट पर्यटकांना बंद झालं. हजारोंचा रोजगार बसला. त्या काळात गटारं नव्याने घातली, किनाऱ्यापासून 30 मीटरांच्या आतली बरीच बांधकामं पाडली. आपल्याकडे 2019 च्या किनारा अधिसूचनेत मुख्य भूमीजवळच्या बेटांसाठी हा मोकळा पट्टा 20 मीटरांचा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बेट पुन्हा उघडलं ते आकडा ठरवून. बेटावर एका वेळी 19,215 पर्यटक, दिवसाला नवे येणारे 6,405. एका पाहुण्याचा मुक्काम तीन दिवसांचा धरला की दोन्ही आकडे नेमके जुळतात. हिशेब चोख होता. तरीही 2022 च्या ईस्टरच्या सुट्टीत मर्यादा मोडलीच. आकडा कागदावर असला तरी जेटीवर मोजणारा माणूस लागतो.

तुम्ही म्हणाल, कुठे ते बोराकाय आणि कुठे आमचं मालवण. चला, मग आपल्याच विहिरीत डोकावून बघू.

मालवणजवळचं देवबाग घ्या. भूगोलाने ते बेट नाही, पण एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. अशा जमिनीत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली साधारण चाळीस फूट असतं. ऐकायला चैन वाटते. पण पंप लावून वरची पातळी एक फुटाने उतरवलीत, तर खालून खारं पाणी हळूहळू तेवढंच चाळीस फूट वर सरकतं. मे महिन्यात, जेव्हा जांभ्यावरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते, तेव्हाच खोल्या भरलेल्या असतात. समुद्रात डुंबून आलेला पाहुणा आधी शॉवरखाली उभा राहणार. त्यात त्याची काय चूक? त्याच खोलीचं सांडपाणी जिरवणारा शोषखड्डा मात्र त्याच वाळूत आहे, आणि वाळू पाणी फार पटकन पुढे जाऊ देते. पुढे म्हणजे कुठे, तर शेजाऱ्याच्या बावीकडे, म्हणजे विहिरीकडे. माझ्या मते न्याहारी-निवासाची नवी खोली मंजूर करताना पलंग किती हे विचारण्याआधी शोषखड्डा बावीपासून किती लांब आहे, ते विचारावं.

पाण्याखालची गोष्ट याहून नाजूक. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर धरून मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. क्षेत्र 29 चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त, त्यात गाभा, म्हणजे सर्वांत कडक जपायचा भाग, तीनेक चौरस किलोमीटरांचा. इथे प्रवाळ आहे, म्हणून स्नॉर्कलिंग आणि स्कूबा आहे. मोठाल्या दगडांसारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढतं. होडीचा नांगर त्यावर एकदा टाकला की कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. उपाय महागाचा नाही. तळाशी एकदाच पक्कं वजन बसवून वर बोया बांधायचा, आणि प्रत्येक होडीने त्यालाच दोर लावायचा. मासे जमावेत म्हणून पाव आणि बिस्किटं टाकणं तर आजच थांबवता येईल. फोटो छान येतो, पण मासे खडकावरचं शेवाळ चरायचं सोडून पावामागे धावतात, आणि वाढलेलं शेवाळ प्रवाळाला गुदमरवतं.

अभयारण्याला मच्छीमारांचा पहिल्यापासून विरोध राहिला. मला तो समजतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्याला सांगायचं की इथे जाळं नको, आणि त्याच पाण्यात जेट स्की घुमवायची, हे कोणाला पटेल? नियम करायचा असेल तर आधी रापणकरांसोबत बसावं लागेल.

थायलंडमध्ये फी फी ले बेटावर माया बे आहे. एका सिनेमाने ती जगभर गाजली आणि दिवसाला हजारो माणसं, ढीगभर होड्या येऊ लागल्या. प्रवाळाची वाट लागली, तेव्हा जून 2018 मध्ये ती बंद केली आणि जानेवारी 2022 मध्येच उघडली. आता होड्यांनी आत यायचं नाही, बेटाच्या मागच्या अंगाला लागायचं. तिथून माणसं चालत येतात, तीही एका वेळी सुमारे पावणेचारशे, तासाच्या पाळीने. पोहायला बंदी. काळ्या पंखांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परत आले. शिवाय दर वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरात माया बे बंदच ठेवतात.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. पावसाळी समुद्र आपल्यासाठी हेच फुकटात करतो. यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जूनपासून दोन महिने बंद, किल्ल्याच्या होड्याही पावसाळाभर बंद. बंदीची आपल्याला सवय नाही असं नाही. आचऱ्याची गावपळण आठवा. देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबडी-कुत्री घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहतं. तिथे कोणी विचारत नाही की धंद्याचं काय.

पण सुट्टीच्या दिवसांत धंद्याचं काय, हे विचारायलाच हवं. होडीवाल्याचा हंगाम आठ-नऊ महिन्यांचा. त्यात फेऱ्या कमी करा म्हणणं सोपं आहे, मी घरात बसून म्हणू शकतो. तरी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. डोंगरावरच्या किल्ल्याला दहा वाटा असतात, बेटावर जायचं तर होडीतूनच. तिकीट फाडलं जातंच, म्हणजे माणसं मोजली जातातच. त्या तिकिटावर वेळ छापायची, सकाळी नऊची होडी, दहाची होडी, आणि किल्ल्यात एका वेळी किती हे ठरवून तेवढीच विकायची. पाहुण्याला रांगेऐवजी बाजारात फिरता येईल, दोन सोलकढ्या जास्त खपतील. सुट्टीच्या दिवशी तिकीट महाग ठेवायचं आणि वरचे पैसे होडीवाल्यांच्याच निधीत जमा करायचे, म्हणजे कमी फेऱ्यांची तूट भरून निघेल. महाग किती, तूट किती, हा हिशेब जिल्ह्याच्या कचेरीने परस्पर करू नये. तो होडीवाले, रापणकर आणि किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं यांनी एकत्र बसून मांडावा, आणि होड्या पाण्यात उतरायच्या आधी, पावसाळ्यातच मांडावा. तेव्हा सगळेच घरी असतात.

नमस्कार.