दिवा लुकलुकतोय

[पडद्यावर: अंधारात गाडीचा डॅशबोर्ड. केशरी दिवा लुकलुकतो आहे. काचेवर पाऊस.]

हा दिवा बघून ठेवा. शेवटपर्यंत आपण याच्याच मागे आहोत.

मालव्याबद्दल एक जुनी म्हण आहे: ‘डग डग रोटी, पग पग नीर’. म्हण करणारा माणूस जुलैमध्ये इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला शेतातल्या वाटेने गाडी घेऊन गेला नसावा, नाहीतर त्याने त्यात चिखलाचीही सोय केली असती. बेसॉल्ट झिजून झालेली ही काळी माती. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी मिळालं की फुगते, आणि टायरला अशी धरते की दहा पावलांत नक्षी बुजून चाक गुळगुळीत.

अशा मातीत जायची हौस माझ्या मामेभावाला, दादाला आहे. इंदूरच्या रामबागेतलं जुनं मराठी घर, गल्ली अरुंद, आणि दारात परदेशी बनावटीची सेकंडहँड फोर-बाय-फोर. मामी म्हणते, “एवढी मोठी गाडी, आणि पोहे आणायला स्कूटर.”

या गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी एक गोल बटण आहे, मागच्या एक्सलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आसाचं, लॉकर लावायचं. ते फिरवलं की दिवा दोन-चारदा लुकलुकून स्थिर व्हायला हवा. दादाच्या गाडीत तो लुकलुकतच राहायचा. एका वर्कशॉपमध्ये सांगितलं, लॉकरची अख्खी असेंब्ली बदला. खर्चाचा आकडा ऐकून दादा गाडी घेऊन थेट देवास नाक्याच्या आत, नानांच्या गॅरेजवर आला.

[पडद्यावर: लेझमीचं पथक वळण घेतंय. वरून.]

लॉकर म्हणजे काय, ते लेझमीच्या रांगेकडे बघून कळतं. रांग वळते तेव्हा आतला गडी जागच्या जागी पाय आपटतो आणि कडेचा पळत सुटतो. गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. सडकेवर ही सोय उत्तम. चिखलात मात्र तीच अंगाशी येते. एक चाक घसरून भिरभिरायला लागलं की त्याला फिरवायला जोर लागत नाही, आणि डिफरेन्शियल दुसऱ्या चाकालाही तेवढाच जोर देतं. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. इंजिन ओरडतं, गाडी तिथेच.

लॉकर ही दोन चाकं एकमेकांना बांधून टाकतं. इथे हाउसिंगवर, म्हणजे डिफरेन्शियलच्या लोखंडी पेटीवर, एक छोटी मोटर आहे. ती आतला काटा सरकवते, काट्याबरोबर दात असलेली कडी सरकते, आणि दात दातांत बसले की डावं-उजवं एक. काटा शेवटपर्यंत पोचला, की तो एका बारीक दांडीला दाबतो. ती दांडी म्हणजे आपला सेन्सर. नाव मोठं, पण दारावरच्या घंटीच्या बटणापेक्षा फार वेगळा नाही. दाबला गेला की आतली जोडणी होते, कॉम्प्युटरला कळतं की काम झालं, आणि दिवा स्थिर होतो.

म्हणजे लुकलुकणारा दिवा एवढंच सांगतो की निरोप आलेला नाही. काम झालं नाही, असं तो म्हणत नाही. वर्कशॉपने नेमकं हेच गृहीत धरलं होतं.

[पडद्यावर: गॅरेज. गाडीचा मागचा भाग घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. पुढच्या चाकांना दगड.]

नानांची हयात ट्रकांची हाउसिंगं खोलण्यात गेली. स्कॅनर त्यांच्याकडे आहे, पण तो कपाटात. पहिल्यांदा त्यांनी मागची दोन्ही चाकं उचलली, गिअर टाकून ठेवला, हँडब्रेक सोडला आणि डावं चाक हाताने फिरवलं. उजवं उलट्या दिशेने फिरलं. म्हणजे लॉकर मोकळं. मग दादाला आत बसवलं, किल्ली फिरवायला लावली, लो रेंज, म्हणजे हळू पण जोराचा गिअर, लावून बटण फिरवायला सांगितलं. मागून मोटरचा घर्र आवाज आला. नानांनी चाक किंचित हलवलं, कारण दात समोरासमोर आल्याशिवाय बसत नाहीत, आणि टक्. त्यानंतर ते चाक काही केल्या जागचं हलेना.

“लॉकर लागलं,” नाना गाडीखालून म्हणाले. “दिवा?”

“लुकलुकतोय.”

“मग साक्षीदार खोटा आहे. खटला लॉकरवर कशाला चालवता?”

पाच मिनिटांत असेंब्लीचा खर्च वाचला. हत्यार काय लागलं? दोन घोड्या आणि एक हात.

आता निरोप कुठे अडतो ते शोधायचं. निरोप सेन्सरमधून निघतो, दोन वायरींनी कपलरपर्यंत, म्हणजे वायरींच्या जोडापर्यंत जातो, तिथून पुढे चॅसिसवरून, गाडीच्या सांगाड्यावरून, कॉम्प्युटरकडे. या रस्त्यात सगळ्यात हाल कपलरचे. एक्सल वर-खाली होतो, चॅसिस होत नाही. मधली वायर जन्मभर वाकत राहते. शिवाय ओढ्याचं पाणी. नानांनी कपलर उघडला. पिना हिरव्या पडल्या होत्या, देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या पळीसारख्या. साफ केल्या, ग्रीस लावलं, वायर हलवून हलवून मीटर बघितला. दिवा स्थिर!

पोहे आले. जिलेबी आली. दादाने फोटो काढले. खरं तर माझं शूटिंग इथेच संपायचं होतं.

[पडद्यावर: सिमरोळच्या पुढचा घाट. धुकं. वायपर.]

पुढच्या रविवारी सिमरोळवरून घाट उतरून आम्ही चोरलला गेलो. इंदूरपासून तासाभराच्या आत पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला. गाड्यांची परीक्षा घ्यायला त्याच्यासारखी जागा नाही म्हणतात. आमची परीक्षा नदीकाठच्या एका चाकोरीने घेतली. दादाने बटण फिरवलं. दिवा लुकलुकला. लुकलुकतच राहिला.

गाडी बाहेर निघाली, ती लॉकरच्याच जोरावर. पण दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नानांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “गॅरेजमध्ये दिवा लागला तेव्हा गाडी थंड होती ना?” होती. “मग घरी नेऊन उभी करू नका. गरम आहे तशी इकडे आणा.”

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. बिघाड हजर असताना त्याला पकडायचं. गाडी पोचली तेव्हा हाउसिंगला हात लाववत नव्हता. लॉकर लावून नानांनी कपलर सोडवला आणि सेन्सरच्याच दोन टोकांवर मीटर धरला, जोडणी असली की तो बीप करतो. मीटर गप्प. चहा झाला, पाऊस थांबला, हाउसिंग निवलं. परत मीटर. बीप.

तरी त्यांची खात्री पटेना. सेन्सर पान्याने सोडवला, भोकातून थोडं गिअर ऑइल ओघळलं, गंधकाचा तो उग्र वास गॅरेजभर. अंगठ्याने दांडी दाबली, बीप. मग पोराला शेजारच्या ब्यूटी पार्लरमध्ये पाठवून हेअर ड्रायर मागवला. दांडी दाबलेलीच, वरून गरम हवा. बीप… बीप… आणि गप्प. आतल्या जोडणीचा टाका कुठेतरी उकलला असणार. गरम होऊन फुगला की सुटतो, निवला की परत चिकटतो.

नवा सेन्सर यायला आठ दिवस. दादा म्हणाला, “तोवर दोन्ही वायरी जोडून टाका ना नाना. दिवा स्थिर राहील.”

असा जुगाड बरेच जण करतात. नाना एरवी जुगाडाला नाही म्हणत नाहीत, पण इथे चिडले. लॉकर काढायचं बटण फिरवलं तरी कडी लगेच सुटतेच असं नाही. चाकं फिरवणाऱ्या शाफ्टांत पीळ राहिलेला असतो, दात एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी तो दिवाच ड्रायव्हरला सांगतो की अजून बांधलेलं आहे. वायरी जोडल्या की दिव्याचं म्हणणं कायम एकच, खरं काय ते त्याला ठाऊकच नाही. तसाच माणूस डांबरी सडकेवर आला आणि वळला, की स्टिअरिंग जड, टायर घासतात, आणि जोर शेवटी निघतो तो शाफ्टवर. ओल्या घाटात तर गाडी वळायच्या ऐवजी सरळच जायला बघते.

“आठ दिवस सडकेवर फिरा,” नाना म्हणाले. “सराफ्यात खायला जायला लॉकर लागत नाही.”

[पडद्यावर: नवा सेन्सर बसतोय. नवीन वॉशर. ऑइलच्या भोकातून थेंब.]

बसवायला वीस मिनिटं. नवीन वॉशर, कपलरला ग्रीस, आणि सांडलं तेवढं ऑइल परत, वरच्या भोकातून थेंब गळेपर्यंत. जुनं ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणजे आत पाणी गेलेलं नाही, हेही नानांनी बोटावर घेऊन बघितलं.

यावेळी चोरलला नानाही आले. तासभर पळवून गाडी मुद्दाम गरम केली. तीच चाकोरी. बटण. तीनदा लुकलुकून दिवा स्थिर. दोन्ही मागची चाकं एका दमात फिरली आणि काळी माती उडवत गाडी वर आली.

कोरड्या जागी दादाने बटण परत फिरवलं. दिवा गेला नाही. दादाने घाबरून मागे बघितलं.

“हातभर मागे घ्या,” नाना म्हणाले.

गाडी मागे सरकली, खालून टक् ऐकू आलं, दिवा विझला. नाना मागच्या सीटवर शेवेची पुडी सोडत होते, त्यांनी मान वर केली नाही.