कपाटाचं भाडं

मित्रहो, गेल्या आठवड्यात आमच्या पुस्तकांच्या दुकानात एक तरुण आला. अर्धा तास कपाटांसमोर रेंगाळला. एक कादंबरी काढून मधली दोन पानं उभ्या उभ्या वाचली, मोबाइलवर मुखपृष्ठाचा आणि किमतीचा फोटो काढला, पुस्तक जागेवर नीट ठेवलं आणि गेला. मला राग नाही आला. तेच पुस्तक त्याला स्वस्तात आणि घरपोच मिळणार होतं. पण ते त्याला भेटलं आमच्या कपाटात, आणि त्या कपाटाचं भाडं मी भरतो.

हिशेब सांगतो. समजा, ३०० रुपयांच्या पुस्तकावर मला ३५ टक्के कमिशन मिळालं, तर हाती येतात १०५ रुपये. ऑनलाइन मिळते तशी २५ टक्के सवलत मीही दिली, तर उरतात ३०. त्यात भाडं, वीज, दोन माणसांचे पगार.

सवलतीशी माझं वैर नाही. मुंबईत स्ट्रँड बुक स्टॉलचं नाव झालं ते सवलतीमुळेच. टी. एन. शानभागांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात छोट्याशा जागेत सुरुवात केली आणि वाचकांना २० टक्के सवलत दिली. पुढे फोर्टातलं दुकान, सुंदराबाई हॉलमधली प्रदर्शनं. एक पुस्तक घ्यायला गेलेला माणूस चार घेऊन यायचा. ती सवलत माणसाला दुकानात आणायची, आजची त्याला दुकानातून बाहेर नेते. २०१८च्या फेब्रुवारीत स्ट्रँड बंद झालं तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

फ्रान्सने यावर १९८१ सालीच कायदा केला. किंमत प्रकाशक ठरवणार, विक्रेत्याने नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांहून जास्त सूट द्यायची नाही. मग ऑनलाइन कंपन्या जवळजवळ फुकटात घरपोच देऊ लागल्या, तर ऑक्टोबर २०२३पासून ३५ युरोंच्या आतल्या खरेदीवर किमान ३ युरो पोहोचवणावळ सक्तीची झाली. आपल्याकडे छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही चांगलीच गोष्ट. पण छापील किमतीला असं संरक्षण नाही. कायदा होईल तेव्हा होईल. आपले काही प्रकाशक मला ३५ टक्के देतात आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या प्रदर्शनात वाचकाला थेट ४० टक्के देतात, हे तर उद्यापासून थांबवता येईल. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं आहे, इथेही सांगतो.

आमच्या गल्ल्याशेजारी एक वही असते. न मिळालेलं पुस्तक, मागणाऱ्याचं नाव, तारीख. एका निवृत्त शिक्षिकेने लोकगीतांचा एक जुना संग्रह मागितला होता. अकरा महिन्यांनी एका वितरकाच्या गोदामात त्याची एकच प्रत सापडली, कोपरे वाळवीने कुरतडलेली. बाईंनी ती तिथेच उघडली, एक ओवी गुणगुणल्या आणि म्हणाल्या, “आई म्हणायची ही.”

वहीत सध्या एकोणीस नावं आहेत. तुमच्या वाचनालयाकडेही अशी यादी असेल तर आज जाताना माझ्याकडे द्या. सोमवारी वितरकांकडे जाणारच आहे.