जुन्या पात्याची पारख

(दृश्य: जमिनीवर पसरलेलं तरट, त्यावर गंजलेली हत्यारं)

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्या, पितळी कुलपं, बंद पडलेली घड्याळं. त्यांच्यातच कुठेतरी सुऱ्या, सत्तूर, चांभाराची रापी, मूठ गेलेले कोयते. गिऱ्हाईक वाकतं आणि हमखास चकचकीत सुरीच उचलतं.

काळपट पडलेली आधी पाहावी. ती बहुधा कार्बन पोलादाची असते. कैरी-कांदा चिरला की काळी पडते, ओली ठेवली की गंजते, पण दगडावर धार पटकन घेते. वरवरचा तांबूस गंज तेल लावून घासला की निघतो. धारेलगत खड्डे पडले असतील तर मात्र सुरी जागेवर ठेवून द्या. घासत घासत धार त्या खड्ड्यापर्यंत पोचली की तिथे खाच पडणारच.

काही जण खिशात लोहचुंबक घेऊन येतात. चिकटलं तर लोखंड, नाही तर स्टेनलेस, असा त्यांचा हिशेब. पण सुरीसाठी वापरतात ते चांगलं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. अजिबात न चिकटणारं पातं बहुधा ताटवाट्यांच्या जातीचं. ते पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून, कडक होत नाही, त्यामुळे त्याची धार चार दिवसही टिकत नाही.

(दृश्य: सुरीच्या पाठीवरच्या बारीक तिरप्या रेषा, जवळून)

या रेषा कानशीच्या. झिजलेल्या कानशीची कुणीतरी सुरी केलीय. कानशीत कार्बन भरपूर, १ टक्क्याच्या आसपास किंवा थोडा जास्तच. धार छान टिकते, पण फरशीवर पडली तर टोक उडतं. कोयत्याचं पोलाद वेगळं. घिसाडी आणि गावोगावचे लोहार तो अनेकदा ट्रकच्या पाट्यातून, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून, घडवतात. रस्त्याचे दणके खाल्लेलं ते पोलाद घाव सोसतं.

(दृश्य: सायकलवरचा धारवाला, ठिणग्या)

धारवाल्याचं चाक कोरडं फिरतं. पातं तापतं. धारेवर निळी छटा आली की ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं समजा. तेवढ्या जागेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, आणि ते दगडावर घासून परत येत नाही. धारवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, दोन मिनिटांत सुरी हवी असते ती आपल्याला. मध्ये मध्ये पाण्यात बुडवा, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

खरी मेहनत वेगळीच आहे. पातं पाठीकडे जाड, धारेकडे पातळ असतं. वर्षानुवर्षं फक्त कडच घासली की धार हळूहळू जाड भागात शिरते. मग ती कितीही तेज केली तरी गाजर कापलं जात नाही, कटकन फुटतं. म्हणून जुनी सुरी आधी गालांवर, म्हणजे पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंवर, घासून पातळ करायची. हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी दगड पाण्याने भिजवा. खरबरीत बाजूवर पातं जवळजवळ आडवं टेकवून दोन्ही गाल घासत राहा. तास सहज जातो, हात दुखतात, आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात.

त्यानंतरची धार सोपी आहे. १५ ते २० अंशांचा कोन धरून एक बाजू घासा. दुसऱ्या बाजूला नखाला अडेल अशी धातूची बारीक लव जाणवली की सुरी उलटी करा. मग दगडाची बारीक बाजू. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, चार-सहा हात मारले की लव जाते. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर न दाबता सुरी उतरली पाहिजे. नाहीच उतरली, तर बहुधा लव अजून राहिली आहे. वापर झाला की पुसून कोरडी करा, खोबरेल तेलाचा हात फिरवा.

कोयत्याचे मात्र इतके लाड करू नयेत. ऊस नाहीतर नारळ तोडायचा, तर पातळ धार पहिल्याच घावाला मुडपते. २५-३० अंशांचा जाड कोन ठेवा आणि नुसती कानस मारा. बारीक दगड त्याला लागत नाही.